म्हाताऱ्या माश्यांच्या मॅडम

खोब्रागडे मॅडमच्या वर्गात उपमा द्यायची सोय नव्हती. "पेशी म्हणजे एक कारखाना असतो," असं कुणी म्हटलं की त्या खडू टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "कारखान्याला सुट्टी असते. पेशीला असते का?" उत्तर देणारा हळूच खाली बसायला लागायचा. "नसते ना? मग पेशी म्हणजे पेशी. तिच्यात काय होतं ते सांग." शाळेपासून आम्हाला सगळं विज्ञान कारखाना, पोस्टमन आणि कुलूप-किल्लीच्या भाषेत शिकवलेलं. ते काढून घेतल्यावर आमच्याजवळ बोलायला काही उरायचंच नाही. पहिले दोन महिने त्यांच्या तासाला पंख्याचा तेवढा आवाज असायचा.

मी कुही तालुक्यातल्या एका खेड्यातून एम.एस्सी. करायला नागपूरला आले होते. घरी धानाची शेती, माझं इंग्रजी कच्चं, आणि नव्या माणसाशी बोलायचं म्हटलं की तळहातांना घाम. पुढे त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली, आणि आता भिवापूरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. माझ्याबद्दल एवढं पुरे.

मॅडम ठेंगण्या, काटक. तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, सुती साडी, वर पांढरा एप्रन. एप्रनच्या खिशात कायम एक बारीक कुंचला. चित्रकलेच्या दुकानात मिळतो तोच, सगळ्यात लहान नंबरचा. बेशुद्ध केलेल्या माश्या त्या कुंचल्यानं इकडून तिकडे सारायच्या, आणि एकीचाही पंख दुमडू द्यायच्या नाहीत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलणं मोजकं. विद्यार्थ्याच्या वहीवर लाल शाईनं त्यांचा एकच शेरा पुन्हा पुन्हा असायचा: "दिसलं ते लिही. वाटलं ते लिहू नको."

दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली त्यांची. भिंतीला लागून लाकडी मांडण्या, त्यांवर कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या बाटल्या, आणि बाटल्यांत फळमाश्या. केळं जास्त पिकलं की त्यावर घोंघावतात त्याच. इतर लोक या माश्या पाळतात ते अनुवंशशास्त्रासाठी. अंडी घालून झाली की जुन्या माश्या टाकून देतात. मॅडम त्या मरेपर्यंत ठेवायच्या. प्रत्येक बाटलीवर जन्मतारीख. रोज सकाळी मेलेल्या मोजायच्या, जिवंत राहिलेल्या ताज्या अन्नावर हलवायच्या. म्हणून खालच्या मजल्यावरचे लोक त्यांना 'म्हाताऱ्या माश्यांच्या मॅडम' म्हणायचे. त्यांच्या कानावर ते आलेलं होतं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तरुण माश्यांच्या मॅडम पुष्कळ आहेत."

त्यांचा विषय असा. शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन तयार होतं तेव्हा ती एक लांबच लांब साखळी असते, आणि तिची ठरावीक तऱ्हेनं घडी पडली तरच ती कामाची. घडी चुकते, उष्णतेनं बिघडते, वापरून उलगडते. तरुण पेशीत दुसरी काही प्रथिनं असतात, ती बिघडलेल्याची घडी पुन्हा घालून देतात. जे दुरुस्तच होण्यासारखं नाही ते पेशी तोडून टाकते आणि नवं करते. हे काम जन्मभर चाललेलं असतं. वय झालं की तेच मंदावतं. बिघडलेली प्रथिनं साचतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. मेंदूतल्या पेशी तर जवळजवळ जन्मभर त्याच राहतात, त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. म्हणून तिथे साचलेलं सगळ्यात जास्त नडतं. "म्हातारी पेशी आळशी नसते," मॅडम वर्गात म्हणायच्या. "ती काम करतच असते. तिला पुरं पडत नाही, एवढंच."

'साखळी' आणि 'घडी' हे शब्द त्यांनी कसे चालवून घेतले, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्यांचं घर. आजोबांनी दीक्षा घेतलेली. समोरच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर. घरात दोनच माणसं, मॅडम आणि त्यांची थोरली बहीण चंद्रभागा. मॅडम तिला 'बाई' म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणायला लागलो.

आईवडील लवकर गेले तेव्हा बाई चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या आणि मॅडम पाच. बाईंनी शाळा सोडली आणि विड्या वळायला घेतल्या. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. ते त्यांनी पंचवीस वर्षं केलं. त्यावर निमाची, म्हणजे मॅडमची, शाळा झाली, कॉलेज झालं, पीएच.डी. झाली. मधे बाईंचं लग्न ठरत आलं होतं. धाकटीला सोबत आणणार असाल तर जमणार नाही, असा तिकडून निरोप आला, तेव्हा बाईंनीच नको म्हटलं. मॅडमनी हे मला कधी सांगितलं नाही. बाईंनी सांगितलं, मेथी निवडता निवडता, भाजीचा भाव सांगावा तसं.

बाई आठवड्यातून दोनदा तरी डबा घेऊन डिपार्टमेंटला यायच्या. डबा मॅडमचा म्हणून यायचा आणि आम्ही चौघं-पाच जण खायचो. भाकर, झुणका, आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, जो खाऊन बाहेरगावची एक मुलगी नळाखाली तोंड धरून बसली होती. मी कुहीची म्हणून बाईंचा माझ्यावर जास्त जीव. त्यांच्या आईची मावशी कुहीला दिलेली होती. "अशी बारीक काहून झाली वं? होस्टेलात जेवू नाही देत का?" हे त्यांचं मला नेहमीचं.

माश्यांचं अन्नही सुरुवातीची काही वर्षं बाईच शिजवायच्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, सगळं मोठ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, घोटून. लॅबचा गॅस कधी असायचा, कधी नसायचा, म्हणून घरच्या शेगडीवर. बाई त्याला 'माश्यायचा शिरा' म्हणायच्या आणि दाट झाला की पातळ झाला, यावर मॅडमशी वाद घालायच्या.

मॅडमचा एक प्रयोग बरीच वर्षं चालला. माश्यांना थोडं कमी खायला दिलं, तर म्हातारपणी त्यांच्या स्नायूंत गुठळ्या उशिरा दिसतात का, असा. दिसत होत्या, थोड्या उशिरा. बाईंना हे समजलं तेव्हा त्या डबा उघडता उघडता थांबल्या.

"म्हणजे उपाशी ठेवून राहिली का तू त्याईले?"

"उपाशी नाही बाई. थोडं कमी."

"हा प्रयोग तं आपल्या घरी झालेला हाये," बाई म्हणाल्या. "माय रोजच करत होती."

मॅडम हसता हसता खुर्चीत बसल्या. आम्हाला आधी हसावं की नाही तेच कळेना.

याच प्रयोगाची बातमी करायला एक वार्ताहर आला होता. तरुण, उत्साही. त्यानं तासभर ऐकून घेतलं आणि जाताना बातमीचा मथळा वाचून दाखवला. त्यात 'म्हातारपणावर उपाय' आणि 'नागपूरची संशोधिका' असे दोन्ही शब्द होते. मॅडम म्हणाल्या, "असं लिहा. कमी खाणाऱ्या माशीच्या स्नायूत गुठळ्या थोड्या उशिरा दिसतात."

"मॅडम, याची बातमी होत नाही."

"मग नका छापू."

त्यानं छापलं नाही. खालच्या मजल्यावर दोन दिवस याची चर्चा होती, की बाईमाणसाला संधी आली आणि तिनं ती घालवली.

माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मे महिन्यात लाइट गेली आणि जनरेटर चालूच झाला नाही. माश्या पंचवीस अंशांच्या कपाटात ठेवाव्या लागतात. मी पोचले तेव्हा कपाटाचा पारा अडतीसच्या वर होता. तरुण माश्यांच्या बाटल्यांत बऱ्याच जणी तळाशी पडलेल्या, पण गार जागी ठेवल्यावर हळूहळू पाय हलवायला लागल्या. म्हाताऱ्या माश्यांच्या बाटल्यांत काहीच हललं नाही. दीड महिना मी त्या रोज ताज्या अन्नावर हलवत आले होते. मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले.

मॅडम आल्या. सगळ्या मांडणीवरून एकदा नजर फिरवली. माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं रड. मग मोजायला बस."

आम्ही दोघींनी मोजलं. मोजताना त्या सांगत होत्या. उष्णता वाढली की प्रथिनं उलगडतात, आणि तरुण पेशी तत्काळ ती दुरुस्त करणारी प्रथिनं भराभर बनवते. म्हातारी पेशीही बनवते, पण उशिरा आणि कमी. मला वाटलं, हे तर आमच्याच विषयाचं आहे, प्रबंधात घालावं. त्या म्हणाल्या, "हा प्रयोग नव्हता, अपघात होता. किती वेळ किती तापमान होतं ते तुला माहीत आहे का? नाही. मग रजिस्टरमध्ये अपघात म्हणून लिही." त्या दिवशी बाई डबा घेऊन आल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हाताऱ्या सगळ्याच गेल्या का वं?"

"हो बाई."

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डबा उघडला.

याच्या पुढच्या वर्षी एका रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. वाढता वाढता बाईंनी विचारलं, "तुह्यं गाव कोनतं वं?" मला वाटलं, गंमत करताहेत. मी सांगितलं, कुहीच्या पुढे. "अगं, माह्या मायची मावशी कुहीले देली होती." जेवण अर्ध्यावर आलं आणि पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तोच आनंद. भात वाढताना तिसऱ्यांदा. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खाली मान घालून जेवत होत्या. "वरणात मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. मीठ बरोबर होतं.

माशी काचेवर चढताना अर्ध्यातच घसरली तर मॅडम तेवढ्यावरून सांगायच्या, हिचं वय व्हायला लागलं. त्यांनी बाईंचं विसरणं जवळजवळ वर्षभर पाहिलंच नाही. बाईंना झोप झाली नाही, बाईंना ऊन लागलं, बाईंना चष्मा बदलायला हवा. मी एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, बाईंना दाखवायला हवं का?" त्यांनी वहीतून डोकं वर न काढता "कशासाठी?" विचारलं. मी पुढे बोलले नाही. माझं ते बोलणं तेव्हा अपुरं राहिलं, याची रुखरुख मला अजून आहे. औषध काही नव्हतंच, पण त्या वर्षात मॅडम एकट्या पडल्या नसत्या.

मग एका दुपारी त्यांना फोन आला. जरीपटक्यातल्या कापड दुकानदाराचा. बाई पुष्कळ वर्षं त्याच्याकडून साड्या घ्यायच्या. मी सोबत गेले. बाई दुकानात गादीच्या कडेला बसल्या होत्या, मांडीवर रिकामी पिशवी. दुकानदारानं आम्हाला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बहनजी, दो घंटे से बैठी हैं. घर का रास्ता पूछा तो बोलीं, निमा स्कूल से आएगी, उसके साथ जाऊँगी." त्यानं त्यांना चहा पाजला होता, पंखा त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. मॅडमनी त्याला नमस्कार केला आणि बाईंचा हात धरला. "चल बाई. आली मी."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "किती उशीर केला वं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं. मॅडमना ते नाव सांगायची गरज नव्हती. त्यावर त्यांनी आम्हाला दोन सत्रं शिकवलं होतं.

चुलतभावाचा मुलगा प्रशांत, कामठी रोडला राहायचा, तो त्या आठवड्यात आला. बाईंनीच त्यालाही लहानपणी सांभाळलेलं. बाई खाटेवर बसल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत होते. प्रशांत म्हणाला, "आत्या, तू एवढी शिकली. एवढे वर्षं याच्यावरच काम करून राहिली. काहीतरी असन ना तुह्याजवळ? बाहेर देशात असन?"

बोलल्या त्या बाई. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं. तसे दिवस तेव्हा अजून यायचे.

"निमा, खरं सांगजो. तुह्या त्या शोधात माह्यासाठी काही हाये का वं?"

"नाही बाई."

"काहीच नाही?"

"अजून नाही. कोणाजवळच नाही."

बाईंनी मान हलवली. पदर नीट केला. मग म्हणाल्या, "मंग माह्यात तुह्या शोधासाठी काही हाये का, ते पाह्यजो. मेल्यावर पाह्यजो म्हणा. जित्तेपणी डोकं उघडशीन तं मी बोंबलीन."

प्रशांत उठून बाहेर गेला. मॅडम हसल्या, आणि उठून भांडी घासायला बसल्या. चार ताटं होती. त्या बराच वेळ घासत होत्या.

पुढच्या वर्षी माझा प्रबंध झाला. माझी तोंडी परीक्षा पार पडली त्याच महिन्यात मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. अजून सहा वर्षं नोकरी होती. काही बाटल्या त्यांनी दुसऱ्या कॉलेजला दिल्या, पण म्हाताऱ्या माश्या कुणाला नको होत्या. त्या शेवटची माशी मरेपर्यंत रोज सकाळी येत राहिल्या, अर्धा तास. मग खोलीची किल्ली कार्यालयात देऊन टाकली.

त्यानंतर मी महिन्या दोन महिन्यांतून जायची. मॅडमनी घरी एक वही केली होती, बाईंसाठी. झोप, जेवण, कोणतं नाव आठवलं, कोणतं नाही. काही पानं भरली होती. एका पानावर लिहिलं होतं, "आज मला ओळखलं नाही असं वाटलं." 'असं वाटलं' हे शब्द नंतर खोडले होते. पुढची पानं कोरी.

बाईंच्या मांडीवर हात पडलेले असायचे आणि बोटं चालू असायची. अंगठा, तर्जनी, वळण, दोरा. घरातल्यांची नावं गेली होती, पण ते गेलं नव्हतं. मॅडमनी कुठून तरी तेंदूची पानं मिळवली, कात्रीनं मापात कापली, तंबाखूच्या जागी बडीशेप ठेवली. बाई तासन् तास वळत बसायच्या. एकेक विडी अशी नेटकी, की दुकानात ठेवावी. मॅडम शेजारी बसून दोऱ्याचे तुकडे करून द्यायच्या. लहानपणी त्यांचं हेच काम होतं म्हणे, अभ्यास करता करता.

एकदा मी गेले तेव्हा मॅडम बाईंना भरवत होत्या. बाई खूप अदबीनं बसल्या होत्या, पाय जवळ घेऊन.

"तुम्ही काहून तरास घेता मॅडम?" बाई म्हणाल्या. "माही लहान बहीण हाये. शाळेतून आली का ते चारते मले."

मॅडमनी घास पुढे केला.

"कितवीत आहे तुमची बहीण?" त्यांनी विचारलं.

"चवथीत. हुशार हाये. बाई म्हनते तिच्या शाळेतली, हिले शिकवजा." बाईंनी घास खाल्ला. "तुम्ही शिकवता का शाळेत?"

"हो. शिकवत होते."

"मंग तिच्यावर ध्यान ठेवा. घरी कोनी नाही तिचं, मीच हावो."

"ठेवीन," मॅडम म्हणाल्या. शेवटची काही वर्षं बाई त्यांना मॅडमच म्हणत राहिल्या.

बाई गेल्या त्या ऑगस्टमध्ये, सकाळी दहाच्या सुमारास. न्यूमोनिया झाला होता. मी आदल्या दिवशी आले होते. मॅडमनी त्यांचे डोळे मिटले, केस विंचरले, आणि फोन केला. मेंदू तपासायला घ्यायचं सरकारी रुग्णालयात आधीच बोलून ठेवलेलं होतं. काही तासांत व्हायला हवं, मग शरीर परत मिळणार होतं.

प्रशांत दारात उभा राहिला. "आत्या, नको. लोक जमून राहिले. तिचं डोकं उघडणार तू? काय सांगू मी लोकांना?"

"तू नको सांगू. मी सांगते."

"तिला कळत नव्हतं ती काय बोलून राहिली ते."

"कळत होतं," मॅडम म्हणाल्या. "तू त्या दिवशी उठून बाहेर गेलास. मी तिथंच होते."

बाहेर शेजारच्या बाया जमल्या होत्या. मॅडम उंबऱ्यात आल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. बाईंनी स्वतः असं म्हटलं होतं, संध्याकाळपर्यंत परत आणू, मग त्रिसरण-पंचशील घेऊ आणि नेऊ. एका म्हातारीनं विचारलं, "दुखत नाही ना माय?" मॅडम म्हणाल्या, "नाही. आता नाही दुखत." मग प्रशांतनंच गाडीत चढायला हात दिला.

रुग्णालयात फॉर्म होता. 'मृत व्यक्तीशी नाते' असा रकाना. मॅडमनी 'बहीण' लिहिलं. पेन उचललं नाही. रकान्याच्या बाहेर, समासात, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, "हिने मला वाढवलं." कारकुनानं वाचलं. तो म्हणाला, "मॅडम, हे इथं येत नाही." मग त्यानं तसाच शिक्का मारून फॉर्म फायलीत लावला.

संध्याकाळी बाईंना परत आणलं. डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. ठरल्याप्रमाणे सगळं झालं.

त्याच हिवाळ्यात मॅडम गेल्या. दुपारी खुर्चीत वाचता वाचता, हृदय थांबलं. शेजाऱ्यांनी प्रशांतला बोलावलं, प्रशांतनं मला फोन केला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, दिवाळीनंतर.

रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कळवलं होतं, बाईंच्या मेंदूचे काप तयार आहेत, तुम्हाला पाहायचे असतील तर या. मॅडमनी मला फोन केला. "येशील का सोबत?" एवढंच. इतक्या वर्षांत त्यांनी मला सोबत म्हणून कधी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शक लावून ठेवला होता. गुठळ्या काळ्या दिसाव्यात म्हणून कापावर चांदीचा क्षार वापरून रंग चढवलेला, आठवणींचं काम करणाऱ्या भागाचा काप. मॅडम बसल्या. चष्मा काढला, डोळा लावला, स्क्रू जरासा फिरवला. मग लगेच उठल्या. "काप चांगला घेतला आहे," त्या म्हणाल्या. "रंगही नीट चढला आहे." डॉक्टरीणबाईंचे आभार मानून त्या बाहेर आल्या. मी मागोमाग. त्या पाहायला बसल्यापासून उठेपर्यंत मी आत येऊन जेमतेम दार लावून घेतलं होतं.

व्हरांड्यात बाक होता. त्यावर रुग्णांचे नातेवाईक बसलेले. मॅडम टोकाला बसल्या, पिशवी मांडीवर. शेजारी उमरेडकडची एक बाई होती, साठीची, लुगडं, पायाशी स्टीलचा डबा. तिनं थोडा वेळ मॅडमकडे पाहिलं.

"तुमचं कोन हाये आत?"

"बहीण," मॅडम म्हणाल्या.

"मोठी का लहान?"

"मोठी."

"भेटल्या का?"

"भेटले. थोडंसंच."

"काहून? भेटू नाही देलं?"

"दिलं. मलाच बसवलं नाही."

ती बाई जरा जवळ सरकली. "पहिल्यांदा तसंच होते. माह्या मालकाले नळ्या लावल्या तं मी बी पळून आली होती, तिथं त्या जिन्यापाशी. दुसऱ्यांदा गेली का मंग पाहू वाटते मानसाले. जा तुम्ही. पिशवी राहू द्या, मी हावो इथं."

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, त्या तिला खरं काय ते सांगतील. त्यांनी पिशवी तिच्याजवळ ठेवली. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तू बस." पदर खोचला, दार लोटलं आणि आत गेल्या.

दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. त्यांनी डॉक्टरीणबाईंना काहीतरी विचारलं, स्टूल पुढे ओढलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वाकल्या. एक हात स्क्रूवर, दुसरा टेबलाच्या कडेला.

उमरेडच्या बाईनं डबा उघडला. भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या हातावर ठेवला. "जेव पोरी. येतीन त्या सवडीनं." आम्ही दोघी जेवलो. तिनं नळावर जाऊन डबा धुऊन आणला, पदरानं पुसला, झाकण लावलं. मॅडमनी अजून मान वर केली नव्हती.